परत आलेल्या फाईलचे काय? नागरी सहकारी बँकेतील कर्ज-वर्कफ्लो प्रणालीचे परीक्षण

कर्जाचा अर्ज शाखेत दाखल झाल्यापासून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत, आणि पुढे कर्ज फिटल्यावर मूळ कागद कर्जदाराच्या हाती परत जाईपर्यंतचा सगळा प्रवास एकाच पडद्यावरून चालवणारी वर्कफ्लो प्रणाली आमच्या नागरी सहकारी बँकेने घेतली. कर्ज विभागात ती रोज वापरल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. बँकेचे व विक्रेत्याचे नाव मी देत नाही. अशी खरेदी करण्याच्या विचारात असलेल्या इतर बँकांच्या संचालकांना आणि अधिकाऱ्यांना निर्णय घेताना मदत व्हावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. अशी प्रणाली सरळ पुढे जाणाऱ्या फाईलवरून जोखू नये. जी फाईल त्रुटी काढून परत पाठवावी लागते, तिचे ती काय करते यावरून जोखावी. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात नेमकी हीच बाजू दाखवली जात नाही.

आधीची पद्धत सहकारी बँकेत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शाखाधिकारी कागद गोळा करीत, छाननी टिपण लिहीत, फाईल टपालाच्या पिशवीतून मुख्य कार्यालयात येई, तेथे आवक-जावक रजिस्टरात तिची नोंद होई, आणि त्यानंतर ती कोणाच्या टेबलावर आहे हे रजिस्टर पाहून खात्रीने सांगता येत नसे. मालकी हक्काच्या शोध अहवालासाठी ती पॅनेलवरील वकिलांकडे जाई, मूल्यांकनासाठी तिची एक प्रत व्हॅल्युअरकडे जाई, कर्ज उपसमितीची बैठक ठरलेल्या वारी होई, आणि एखादा कागद कमी असल्याचे बैठकीच्या आदल्या दिवशी लक्षात आले तर कर्जदाराला पुढच्या बैठकीपर्यंत थांबावे लागे. शाखेत येऊन विचारणाऱ्या सभासदाला ‘फाईल हेड ऑफिसला आहे’ हेच उत्तर मिळे, आणि ते खरे असले तरी त्याच्या उपयोगाचे नसे.

नव्या प्रणालीत अर्ज भरतानाच कर्जप्रकारानुसार कागदपत्रांची यादी समोर येते आणि अनिवार्य कागद जोडल्याखेरीज फाईल शाखेबाहेर पडत नाही. अर्जदाराचा आणि जामीनदारांचा पतअहवाल थेट फाईलमध्ये येऊन बसतो, परतफेड क्षमतेचे गणित आपोआप मांडले जाते, मंजुरीचा अधिकार रकमेनुसार ज्या पातळीवर असेल त्या पातळीकडे फाईल जाते, आणि मंजुरीपत्रासह बहुतेक दस्तऐवज आधी भरलेल्या माहितीवरूनच तयार होतात. एकच नाव, पत्ता आणि रक्कम वेगवेगळ्या कागदांवर हाताने पुन्हा पुन्हा लिहिताना होणाऱ्या चुका यामुळे जवळजवळ संपल्या आहेत. ज्या फाईलमध्ये पगारदार अर्जदार आहे, शहरातील नोंदणीकृत सदनिका आहे आणि सर्व कागदांवर नावे सारखी आहेत, ती फाईल या प्रणालीत विनासायास पुढे जाते. या भागाविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

सर्वाधिक लाभ मात्र मला वेगापेक्षा नोंदीत दिसला. फाईल कोणत्या लॉगिनवर कधी आली, केव्हा उघडली गेली, कोणता शेरा मारून कोणाकडे गेली, याची वेळेसह नोंद राहते. विलंब कोठे होतो याविषयी प्रत्येक कार्यालयात काही समजुती असतात. आमच्याकडे संचालकांच्या समितीमुळे उशीर होतो, अशी समजूत होती. नोंदी पाहिल्यावर असे दिसले की समितीपुढे गेलेली फाईल सहसा त्याच बैठकीत निकालात निघते. खरा वेळ जातो तो शोध अहवाल व मूल्यांकन येण्यात, आणि त्याहूनही अधिक, त्रुटी काढून परत पाठवलेली फाईल शाखेने पुन्हा पुढे पाठवण्यात. ही माहिती हाती आल्यावर वकिलांना फाईल देण्याची पद्धत बदलता आली. कोणावर ठपका ठेवण्यासाठी ही नोंद वापरायची की काम सुधारण्यासाठी, हे ती पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर अवलंबून आहे; पण नोंदच नसेल तर दोन्ही अशक्य आहे.

आता परत येणाऱ्या फाईलविषयी. ग्रामीण आणि निमशहरी महाराष्ट्रात कर्ज देणाऱ्या बँकेत अशा फाईली अपवादाने येत नाहीत. आधारवरील नाव आणि सातबाऱ्यावरील नाव यांत फरक असतो. विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्या कागदावर असते. वडील वारले आहेत पण वारसनोंद झालेली नाही. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असल्याने हस्तांतरणावर निर्बंध आहेत. घर गावठाणात असून मालकीचा आधार म्हणून ग्रामपंचायतीचा उतारा तेवढा आहे. या प्रत्येक प्रकरणात अनुभवी अधिकारी काय करायचे ते जाणतो: प्रतिज्ञापत्र घ्यायचे, फेरफार मागवायचा, वारसांना सहकर्जदार करून घ्यायचे किंवा कर्ज नाकारायचे. प्रणालीत मात्र हा निर्णय नोंदवण्यासाठी जागा हवी, आणि आम्हाला मिळालेल्या मूळ आवृत्तीत ‘मान्य’, ‘अमान्य’ आणि ‘परत’ एवढेच पर्याय होते. ‘परत’ निवडले की फाईल पहिल्या पायरीवर जाई आणि मधल्या सर्व मंजुऱ्या पुन्हा घ्याव्या लागत. अटीसह पुढे पाठवण्याची सोय, म्हणजे अमुक कागद रक्कम अदा होण्यापूर्वी आलाच पाहिजे अशी अट घालून तोवर काम चालू ठेवण्याची सोय, आम्हाला मागाहून करून घ्यावी लागली आणि तिचे पैसे वेगळे मोजावे लागले.

नावाच्या जुळणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रणाली रोमन लिपीतील नावांची तुलना करून जुळणीची टक्केवारी देते. एकच आडनाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले जाते आणि सातबारा तर मराठीत असतो, त्यामुळे खऱ्या माणसाच्या फाईलला कमी टक्के मिळतात आणि एकाच गावातील सारख्या नावाच्या दोन चुलतभावांना भरपूर मिळतात. टक्केवारी हा केवळ इशारा आहे, निर्णय नव्हे, हे नवीन कर्मचाऱ्यांना शिकवावे लागते. पडद्यावर हिरवी खूण दिसली की माणसाची नजर सैल होते, हे मी विभागात वारंवार पाहिले आहे.

उत्पन्नाच्या रकान्याबद्दलही असेच सांगता येईल. प्रणाली ‘मासिक उत्पन्न’ विचारते. आमच्या कर्जदारांपैकी अनेकांच्या हाती दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते आणि गळीत हंगामात उसाचे बिल येते. उसाची किंमत गाळपासाठी ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. प्रत्यक्षात ती अनेकदा हप्त्यांनी येते. वर्षाच्या उत्पन्नाला बाराने भागून मासिक आकडा भरला तर गणित कागदावर बरोबर दिसते, पण दरमहा हप्ता बांधल्यावर उन्हाळ्यात तो थकणार हे कोणीही सांगू शकेल. परतफेडीचे वेळापत्रक उत्पन्नाच्या चालीशी जुळवणे हे कर्ज अधिकाऱ्याचे मूळ काम आहे. ज्या प्रणालीत सहामाही वा हंगामी हप्ता बांधण्याची सोय पहिल्या दिवसापासून नाही, ती शेतकरी कर्जदार असलेल्या बँकेने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला जोडूनच अनुत्पादक (एनपीए), म्हणजे परतफेड ठरावीक काळ थकलेल्या, कर्जांच्या वर्गवारीचा विषय येतो, आणि येथे स्वयंचलन ऐच्छिक राहिलेले नाही. ३१ मार्च २०२० रोजी ज्यांची एकूण मालमत्ता २,००० कोटी रुपये किंवा अधिक होती, अशा नागरी सहकारी बँकांनी ३० जून २०२१ पासून कर्जखात्यांची वर्गवारी संगणक प्रणालीद्वारेच करावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये दिला. त्यापाठोपाठ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकाने हेही स्पष्ट केले की खाते थकीत वा अनुत्पादक ठरण्याची तारीख ही त्या दिवसाच्या ‘डे-एंड’, म्हणजे दिवसअखेरच्या हिशेबाच्या, प्रक्रियेनुसार धरली जाईल. पूर्वी मार्चअखेरीस याद्या काढून, शाखांना फोन करून, कोणते खाते कोणत्या वर्गात हे हाताने ठरवले जात असे, आणि त्यात स्नेहसंबंधांना व दडपणाला वाव राहत असे. आता ९० दिवस उलटले की त्या रात्री खाते आपोआप अनुत्पादक होते. संचालकाचा नातेवाईक आणि गावातला रिक्षाचालक यांना एकच घड्याळ लागू होते. सहकारी बँकिंगमधील माझ्या संपूर्ण काळात एवढी न्याय्य सुधारणा मी दुसरी पाहिलेली नाही.

मात्र हे घड्याळ योग्य लावलेले असले पाहिजे. पीककर्जाला ९० दिवसांचा नियम नाही. अल्पमुदतीच्या पिकासाठी दिलेले कर्ज दोन पीक हंगाम थकल्यावर आणि दीर्घ मुदतीच्या पिकासाठी दिलेले कर्ज एक पीक हंगाम थकल्यावर अनुत्पादक ठरते, आणि हंगामाची लांबी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या निर्णयानुसार धरायची असते. कर्ज मंजूर होताना पिकाचा सांकेतिक क्रमांक चुकीचा भरला गेला तर वर्गवारी वर्षभर बिनचूकपणे चुकीची होत राहते, आणि ती यंत्राने केली असल्यामुळे तिच्यावर कोणी शंका घेत नाही. म्हणून उत्पादनाचे सांकेतिक क्रमांक भरण्याचे काम सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यावर सोपवू नये. ते काम शेतीकर्ज जाणणाऱ्या अधिकाऱ्याने करावे आणि लेखापरीक्षकाने त्याची स्वतंत्र तपासणी करावी.

स्वयंचलनामुळे गैरव्यवहार थांबतात, असा दावा विक्रेते हमखास करतात. या दाव्याकडे महाराष्ट्रातील बँक अधिकाऱ्याने तरी भोळेपणाने पाहू नये, कारण या विषयातले मोठे धडे मुंबई-पुण्यातच मिळालेले आहेत. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधील ब्रॅडी हाउस शाखेचे प्रकरण फेब्रुवारी २०१८ मध्ये उघडकीस आले, तेव्हा त्या बँकेत कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांची खाती एकत्र सांभाळणारी प्रणाली, होती आणि बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशांची स्विफ्ट प्रणालीही होती. त्या दोहोंना जोडणारा दुवा नव्हता. हमीपत्रांचे संदेश स्विफ्टवरून परदेशी शाखांकडे जात राहिले आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच झाली नाही. रक्कम अखेरीस १३,००० कोटी रुपयांच्या पुढे गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही प्रणाली ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडण्याची मुदत घातली. दोन्ही प्रणाली आपापल्या जागी चालू होत्या. दोहोंमधील अंतर माणसाच्या प्रामाणिकपणावर सोडलेले होते. आमच्याकडेही वर्कफ्लो प्रणालीतील मंजुरी आणि कोअर बँकिंगमधील खाते उघडणे यांच्यामध्ये सुरुवातीला एक कर्मचारी पाहून-पाहून आकडे भरत असे. ते अंतर मिटवल्याखेरीज प्रणाली स्वीकारली असे म्हणू नये.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण याहून वेगळे आहे आणि सहकारी बँकांना अधिक जवळचे आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी त्या बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. एका बांधकाम समूहाला दिलेली कर्जे झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट कर्जखाती दाखवण्यात आली होती, असे तपासात पुढे आले. वरिष्ठ पदावरील माणसांनीच जर खोटी माहिती भरायची ठरवली, तर वर्कफ्लो प्रणाली ती खोटी माहिती तितक्याच शिस्तीने पुढे नेईल. तिला कर्जदार प्रत्यक्ष आहे की नाही हे कळत नाही. ते शाखेने घरी जाऊन पाहायचे असते. म्हणून प्रणालीमुळे शाखेतील लिपिकाचा जो वेळ वाचतो, तो प्रत्यक्ष पाहणीला मिळावा, असा माझा आग्रह आहे. वाचलेला वेळ ठेवी गोळा करण्याच्या मोहिमेकडे वळवण्याचा मोह प्रत्येक व्यवस्थापनाला होतो. आमच्या बँकेत पाहणी अहवालात स्थानदर्शक खुणेसह घराचे व व्यवसायाचे छायाचित्र अनिवार्य केले आहे, आणि तो मला या प्रणालीतील सर्वांत उपयुक्त रकान्यांपैकी एक वाटतो.

तिसरे उदाहरण परदेशातील आहे, पण त्याचा धागा भारताशी जुळतो. ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेने रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जाचा प्रशासक या नात्याने कर्जदात्यांना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचे होते. प्रत्यक्षात बँकेच्या स्वतःच्या पैशातून जवळपास ९० कोटी डॉलर बाहेर गेले. वापरात होती ती फ्लेक्सक्यूब, म्हणजे मूळची भारतात घडलेली आणि आपल्या अनेक बँकांच्या परिचयाची प्रणाली. त्या दिवशीचा व्यवहार नेहमीचा नव्हता. काही कर्जदात्यांचा हिशेब बदलायचा होता आणि त्यासाठी प्रणालीत पूर्ण कर्ज फेडल्यासारखी नोंद करून मुद्दल एका अंतर्गत खात्याकडे वळवावे लागणार होते. त्यासाठी तीन रकाने भरणे आवश्यक असताना एकच भरला गेला. एकाने नोंद केली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने मान्यता दिली; तिघांचीही समजूत एकच होती, त्यामुळे तपासणीच्या पायऱ्या वाढूनही तपासणी झाली नाही. सुमारे ५० कोटी डॉलर परत मिळवण्यासाठी बँकेला न्यायालयात जावे लागले, २०२१ मध्ये निकाल विरोधात गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

मेकर-चेकर पद्धतीवर, म्हणजे एकाने नोंद भरायची आणि दुसऱ्याने ती तपासायची या रीतीवर, आपला जो विश्वास आहे, त्याची येथे कसोटी लागते. चेकरने मेकरने भरलेला आकडा पाहून ‘ठीक’ म्हणणे ही तपासणी नव्हे. चेकरने मूळ कागद पाहून आकडा स्वतः काढला पाहिजे. आमच्या प्रणालीत रक्कम आणि मुदत हे दोन रकाने चेकरला मेकरचे आकडे न दाखवता पुन्हा भरायला लावतात आणि दोन्ही जुळले तरच फाईल पुढे जाते. कर्मचाऱ्यांना हे आरंभी जाचक वाटले. माझ्या मते हा बदल विक्रेत्याकडे आग्रहाने मागून घ्यावा. तीन-चार माणसांच्या शाखेत एकजण रजेवर गेला की दुसऱ्याचा पासवर्ड वापरला जातो, हेही उघड सत्य आहे. रजेच्या काळात अधिकार तात्पुरता दुसऱ्या शाखेतील वा मुख्य कार्यालयातील अधिकाऱ्याकडे सोपवण्याची सोय प्रणालीत नसेल, तर पासवर्डविषयीची परिपत्रके कितीही काढली तरी उपयोग होणार नाही.

कर्जदाराच्या बाजूने पाहिले तर दोन ठिकाणी या प्रणालीने मोठा फरक पडला आहे. पहिले म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी सक्तीचे झालेले मुख्य तथ्य विवरण. व्याजदर, सर्व शुल्के आणि ती धरून होणारा वार्षिक खर्चाचा दर यांचा हा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो, आणि सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी त्याला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यायचे असतात. प्रणालीने तक्ता तयार केल्यावर ते दिवस संपेपर्यंत अटी बदलता येत नाहीत. मराठी तक्त्याचा साचा आम्हाला मिळाला तो मात्र वाचून समजण्यासारखा नव्हता. वाक्ये कायद्याच्या इंग्रजी मसुद्यावरून उचललेली होती. तो आम्ही विभागात बसून पुन्हा लिहिला. जामीनदार म्हणून सही करणाऱ्या माणसाला आपण कशाला बांधले जात आहोत हे पहिल्या वाचनात कळले पाहिजे, आणि ते काम कोणत्याही विक्रेत्यावर सोडून चालणार नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे कर्ज फिटल्यानंतरचा टप्पा. वर्षानुवर्षे हा टप्पा दुर्लक्षित राहिला, कारण कर्ज वसूल झाले की बँकेच्या दृष्टीने काम संपलेले असे. १ डिसेंबर २०२३ पासून चित्र बदलले. कर्जाची पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांत स्थावर-जंगम मालमत्तेचे मूळ दस्तऐवज परत केले नाहीत आणि दोष बँकेचा असेल, तर कर्जदाराला प्रत्येक दिवसासाठी ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. एका फाईलला मुदतीनंतर २० दिवसांचा विलंब झाला तर भरपाई एक लाख रुपये होते. आता शेवटचा हप्ता जमा होताच दस्तऐवज कक्षाला सूचना जाते, सेरसाईकडील, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीतील, बोजा कमी करण्याचे काम वेगळ्या लॉगिनवर उभे राहते, सातबाऱ्यावरील बोजा उतरवण्यासाठीचे पत्र तयार होते आणि पंधराव्या दिवशी काम शिल्लक असेल तर ते वरिष्ठांच्या पडद्यावर येते. निवृत्त शिक्षकाने वा विधवा कर्जदाराने घराच्या कागदांसाठी शाखेत हेलपाटे घालणे ही आपल्या क्षेत्रातील लाजिरवाणी गोष्ट होती. ती थांबवण्यासाठीच केवळ ही प्रणाली घेतली असती तरी मी खर्चाचे समर्थन केले असते.

कर्मचाऱ्यांवर झालेला परिणाम संमिश्र आहे. आयसीआयसीआय बँकेने २०१६ मध्ये दोनशेहून अधिक कामांत सॉफ्टवेअर रोबो वापरात आणल्याचे जाहीर केले, तेव्हा सहकारी बँकांतील लिपिकांत चिंता व्यक्त झाली होती. आमच्याकडे कोणाची नोकरी गेली नाही, परंतु कामाचा पोत बदलला. टिपण लिहिण्याची कला मागे पडत आहे, याची मला मनापासून काळजी वाटते. जुने शाखाधिकारी दोन पानांच्या टिपणात अर्जदाराचा धंदा, त्याच्या कुटुंबाची परतफेडीची रीत, बाजारातली पत आणि स्वतःचा संशय असे सर्व मांडत. आता आकडे भरले की टिपण आपोआप तयार होते आणि प्रत्येक कर्जदाराचे टिपण एकसारखे दिसते. समितीतील संचालकांना त्यातून माणूस दिसत नाही. आम्ही ‘शाखाधिकाऱ्याचे मत’ हा मुक्त लेखनाचा रकाना सक्तीचा करून घेतला आणि त्यात आधीची वाक्ये चिकटवण्याची सोय बंद केली. तरुण अधिकाऱ्यांना आरंभी तो भरणे कठीण गेले, पण समितीतील चर्चा आता त्याच रकान्यावरून सुरू होते.

सुरक्षेविषयी थोडक्यात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, त्यांतील मोठा भाग अनेक देशांतील एटीएममधून काढला गेला. वर्कफ्लो प्रणाली पतअहवाल देणाऱ्या कंपन्यांशी, भूमी अभिलेखांशी, संदेशसेवेशी आणि कोअर बँकिंगशी जोडलेली असते. प्रत्येक जोडणीचा मालक कोण, तिचे परीक्षण कधी झाले आणि विक्रेत्याचा माणूस दूरून आत येतो तेव्हा त्याची नोंद कोठे राहते, हे बँकेला लेखी ठाऊक असले पाहिजे.

खर्चाचा खरा प्रश्न परवान्याच्या किमतीत नसून नंतरच्या बदलांत आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम सतत बदलतात आणि बदलच विक्रेत्याचे कायमचे उत्पन्न ठरते. सोनेतारणाचे उदाहरण घ्यावे. २०२५ च्या निर्देशांनुसार उपभोगासाठीच्या सोनेतारण कर्जात अडीच लाख रुपयांपर्यंत सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि पाच लाखांवर ७५ टक्के अशी मर्यादा ठरली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही अखेरची मुदत देण्यात आली. हे तीन आकडे बँकेच्या अधिकाऱ्याला तक्त्यात स्वतः बदलता येत असतील तर ते दहा मिनिटांचे काम आहे. विक्रेत्याकडे बदलाची मागणी नोंदवून, त्याचे दरपत्रक घेऊन, संचालक मंडळाचा ठराव करून ते करावे लागत असेल तर त्यात महिने जातात. करार करण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्यासमोर एक मर्यादा, एक मंजुरीची पातळी आणि एक कागदांची यादी बदलून दाखवायला सांगावे. त्याच बैठकीत आपल्या बँकेत त्रुटी निघालेल्या जुन्या फाईली, नावे झाकून, त्याच्या प्रणालीत चालवून पाहाव्यात. नमुन्याच्या आदर्श फाईलवर समाधान मानू नये.

१०० कोटी रुपयांपर्यंत ठेवी असलेल्या, म्हणजे पहिल्या स्तरातील बँकांना मी पूर्ण प्रणाली घेण्याचा सल्ला देणार नाही. त्यांच्याकडे कर्जदार ओळखीचे असतात, समिती आठवड्यातून दोनदाही बसू शकते आणि वार्षिक देखभालीचा खर्च नफ्याला जड जातो. त्यांनी दस्तऐवज परतीचा आणि थकबाकीच्या सूचनांचा असे दोनच भाग आधी घ्यावेत, तेही शक्य असल्यास शेजारच्या बँकांसह सामायिक करारावर. नागरी सहकारी बँकांसाठी मार्च २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळाने माहिती-तंत्रज्ञानाच्या सामायिक सेवा देण्याचे काम हाती घेतले आहे. स्वतंत्र करारावर सही करण्यापूर्वी तेथे चौकशी करणे हिताचे ठरेल. मध्यम व मोठ्या बँकांनी मात्र प्रणाली जरूर घ्यावी, आणि करारात एक कलम न विसरता घालावे: करार संपल्यास सर्व फाईली, त्यांवरील शेरे आणि मंजुरीच्या नोंदी दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात, वेगळे शुल्क न घेता, ठरावीक मुदतीत बँकेच्या ताब्यात दिल्या जातील.